भावाचं नाव फिर्यादीत गोवलंय. गुन्हा रद्द करून घ्यायचा रस्ता कोणता?

बांधावरची बाभूळ:
नमस्कार मंडळी. नऊ दिवस घरात कुणाला धड झोप नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमचं गाव कराड तालुक्यात. चुलत्यांशी बांधाचा वाद आजोबांच्या वेळेपासूनचा. मोजणी दोनदा झाली, दोन्ही वेळा खुणांचे दगड हलले. अकरा दिवसांपूर्वी शेतात पुन्हा वाजलं. वडील आणि चुलते एकमेकांच्या अंगावर गेले, त्यात चुलत भावाच्या डोक्याला लागलं, चार टाके पडले. हे खरं आहे, मी लपवत नाही. पण फिर्यादीत वडिलांसोबत माझ्या धाकट्या भावाचंही नाव आहे. 'खोऱ्याच्या दांड्याने डोक्यात मारले' असं लिहिलंय, आणि भाऊ त्या वेळी चाकणला कंपनीत पहिल्या पाळीला होता! कलमं भारतीय न्याय संहितेची ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२) आणि ३(५), म्हणजे हत्याराने दुखापत, मारहाण, अपमान, धमकी आणि सगळ्यांचा एकच इरादा. फिर्याद घटनेनंतर दीड दिवसाने दिलीय.

गावातले एक जण म्हणतात, 'हायकोर्टात चारशे ब्याऐंशी टाका, एका तारखेत उडेल.' दुसरे म्हणतात, तुम्हीही उलटी केस करा, म्हणजे ते तडजोडीला येतील. मला यातलं काही कळत नाही. खोटी फिर्याद रद्द करायचे मार्ग कोणते, आणि सगळ्यात आधी काय करायचं?

कृष्णाकाठ:
ताई, आधी अटकपूर्व जामिनाचं बघा. रद्द वगैरे नंतर.

तिखटमीठ:
उलटी केस टाकाच. आमच्याकडे बांधाच्या भांडणात दोन्हीकडून फिर्यादी झाल्याशिवाय कुणी बोलायलाच बसत नाही. समोरच्याला कोर्टाच्या पायऱ्या दिसल्या की सूर बदलतो.

काळा कोट:
मी साताऱ्यात फौजदारी बाजूला वकिली करतो. तुमचे वकील असतीलच, कागद बघून तेच नेमकं सांगतील. पण काही गोष्टी स्पष्ट करतो.

पहिली गोष्ट आकड्याची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. गुन्हा रद्द करायचा अर्ज त्याखाली व्हायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच अधिकार कलम ५२८ मध्ये गेले. गंमत अशी की नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ मध्ये होता. त्यामुळे गावातल्या काकांनी 'चारशे ब्याऐंशी' म्हटलं तर त्यांना काय म्हणायचंय ते विचारून घ्या. आमच्या बाररूममध्येही कित्येक महिने दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन बसायचे सगळे.

दुसरी गोष्ट, हायकोर्ट गुन्हा रद्द कधी करतं. हरियाणा सरकार विरुद्ध भजनलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात प्रकारची उदाहरणं दिली आहेत. फिर्यादीतलं अक्षर न् अक्षर खरं मानलं तरी गुन्हा होत नाही, आरोप इतके अशक्य आहेत की शहाणा माणूस विश्वास ठेवणार नाही, कायद्यानेच मज्जाव आहे, फिर्याद निव्वळ सूड उगवायला केली आहे, असे. आणि २०२१ मध्ये निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध महाराष्ट्र सरकार या निकालात त्याच न्यायालयाने बजावलं की हा अधिकार जपून वापरा, तपास सुरू असताना ऊठसूट मध्ये पडू नका, कारणं न देता 'सक्तीची कारवाई नको' असे आदेश देऊ नका.

तुमच्या भावाची अडचण इथेच आहे. त्याच्यापुरती फिर्याद खरी मानून वाचली तर गुन्हा होतो: दांड्याने मारलं, डोकं फुटलं. 'मी तिथे नव्हतोच' हा बचाव आहे, तो पुराव्याने शाबीत करायचा असतो. कोण कुठे होतं हा वादाचा प्रश्न हायकोर्ट सहसा अर्जावर सोडवत बसत नाही. कागद निर्विवाद असेल, समोरच्यालाही नाकारता येणार नाही असा असेल, तर न्यायालयं तो बघतात. म्हणून तो कागद उभा करणं हे पहिलं काम. 'एका तारखेत उडेल' या भरवशावर महिने घालवू नका.

सरळरेघ:
वकीलसाहेब, थोडं वेगळं मत मांडतो. माझ्यावर फसवणुकीचा गुन्हा होता. मालाचे पैसे थकले होते, मी हप्ते देत होतो, मध्ये दोन हप्ते चुकले. समोरच्याने ४२० आणि ४०६ लावून घेतलं. मला सगळे म्हणाले तपास होऊ द्या. मी ऐकलं नाही, दोषारोपपत्र यायच्या आधीच हायकोर्टात गेलो आणि गुन्हा रद्द झाला. थांबलो असतो तर चार-पाच वर्षं तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात गेली असती. त्यामुळे घाबरवू नका ताईंना.

काळा कोट:
तुमचं बरोबर झालं, कारण तुमचा वाद मुळात दिवाणी होता. व्यवहार ठरला तेव्हाच फसवायचा हेतू होता असं फिर्यादीत कुठेच नसेल तर नुसती उधारी थकणं म्हणजे फसवणूक नव्हे. तिथे फिर्याद वाचूनच गुन्हा होत नाही हे दिसतं. ताईंच्या प्रकरणात समोरच्याकडे वैद्यकीय दाखला आहे, चार टाके आहेत.

एक मात्र खरं, दोषारोपपत्र दाखल झालं म्हणून हायकोर्टाचं दार बंद होत नाही. नंतरही अर्ज करता येतो. म्हणजे आज गेलो नाही तर संधी गेली, असं नाही.

रात्रपाळी:
ताई, कंपनीतले सीसीटीव्ही!!! आजच्या आज मागा. आमच्याकडे पंधरा दिवसांनी जुन्यावर नवं चित्रण बसतं. अकरा दिवस गेलेत म्हणताय.

ठाणे अंमलदार (निवृत्त):
एकतीस वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच ठाण्यात टेबलावर. पोलीस बाजूने सांगतो.

फिर्याद खोटी वाटली तरी दखलपात्र गुन्हा सांगितला जात असेल तर नोंदवून घ्यावीच लागते. ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं. त्यामुळे 'पोलिसांनी पैसे खाऊन घेतली' असं लगेच म्हणू नका. नव्या कायद्यात तीन वर्षं ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, पण तुमचा गुन्हा तर दाखल झालाय.

तपास संपला की दोन वाटा. पुरावा असेल तर दोषारोपपत्र, नसेल तर समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल. आपल्या महाराष्ट्रात समरीचे वर्ग आहेत. 'अ' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा मिळत नाही. 'ब' म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. 'क' म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. समरी मंजूर करणं न करणं मॅजिस्ट्रेटच्या हातात.

तुमच्या प्रकरणात 'ब' समरीची आशा धरू नका. भांडण झालंय, डोकं फुटलंय. तुमच्याविरुद्धची फिर्याद खोटी नाही, त्यात एक नाव खोटं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक इथेच चुकतात. तुम्हाला हवंय ते म्हणजे भावाविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल. जुन्या प्रक्रिया संहितेचं कलम १६९, नव्या संहितेचं १८९. वडिलांवर दोषारोपपत्र जाईल, भावाचं नाव वगळलं जाऊ शकतं.

त्यासाठी तपासी अंमलदाराला लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. शिक्का मारायला टाळाटाळ केली तर टपालाने पोचपावतीसह पाठवा, एक प्रत पोलीस अधीक्षकांना.

बांधावरची बाभूळ:
साहेब, 'फिर्याद खोटी नाही, त्यात एक नाव खोटं आहे' हे वाचून एकदम उजेड पडला. नऊ दिवस आम्ही सगळी फिर्यादच खोटी म्हणून ओरडत होतो. वडील तर भांडण झालंच नाही असा जबाब द्यायच्या तयारीत होते.

ठाणे अंमलदार (निवृत्त):
तसं अजिबात करू देऊ नका. वडिलांचं खोटं पकडलं गेलं की पोराचं खरंही कुणी ऐकणार नाही.

रानजाई:
मी महिलांच्या समुपदेशन केंद्रात काम करते. इथे 'खोटी फिर्याद' हा शब्द सहज येतोय म्हणून लिहिते.

माझ्या मावशीच्या मुलीला नवऱ्याने मारलं. आठ दिवसांनी माहेरी आली तेव्हा वळ फिके पडले होते, शेजारी जबाब द्यायला तयार नव्हते. 'क' समरी गेली. सासरचे आजही गावात सांगतात, खोटी केस होती, कोर्टाने उडवली. पुरावा मिळाला नाही आणि घडलंच नाही, यात फरक आहे हो. आरोपीच्या बाजूने धागा निघाला की फिर्यादी बाई आपोआप खोटारडी होते, ते मला सहन होत नाही.

समरी आली की मॅजिस्ट्रेटने मूळ फिर्यादीला नोटीस देऊन म्हणणं ऐकायलाच हवं. १९८५ चा भगवंत सिंग खटल्याचा निकाल आहे. तिला निषेध अर्ज, म्हणजे समरीला हरकत घेणारा अर्ज, करता येतो. आमच्या बहिणीला हे कुणी सांगितलं नाही, नोटीस आली ती तिने पेटीत ठेवून दिली. ताई, तुमच्या चुलत भावालाही हा हक्क आहे, तो वापरेल हे धरून चाला.

मावळतीचं ऊन:
रानजाईताई, तुमचं पटलं. तरी दुसरी बाजूही भोगलेला माणूस आहे मी.

मुलगा आणि सून पुण्यात, आम्ही दोघं नाशिकला, मुलगी लग्न होऊन इंदूरला. सुनेने ४९८अ ची फिर्याद दिली (आता ते कलम ८५ आहे) आणि त्यात पाचही जणांची नावं. जावई तर लग्नानंतर त्यांच्या घरी एकदाच गेले होते. साठीनंतर पहिल्यांदा पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलो. हिने पर्समध्ये औषधाची डबी धरून ठेवली होती, मूठ सोडेना. पण अटक झाली नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात आधी नोटीस द्यायची, अटक करायची तर कारण लिहायचं, असं अर्नेश कुमार निकालात २०१४ लाच सांगितलंय, त्याप्रमाणे नोटीस आली.

हायकोर्टाने मुलगी आणि जावयाविरुद्धचा गुन्हा रद्द केला. त्यांनी कधी, कुठे, काय केलं याचा एकही शब्द फिर्यादीत नव्हता, नुसतं 'सर्वांनी मिळून त्रास दिला' होतं. आम्हा दोघांचं आणि मुलाचं राहिलं. मुलाच्या बाबतीत न्यायालय म्हणालं, इथे ठोस आरोप आहेत, खटला चालू दे. खरं सांगायचं तर ते बरोबरच होतं. तो सुनेशी नीट वागला नाही, हे मी बाप असून सांगतो.

शेवटी दोघांनी संमतीने घटस्फोट घेतला आणि उरलेला गुन्हा संमतीने रद्द झाला. सुनेने प्रतिज्ञापत्र दिलं. न्यायमूर्तींनी तिला समोर बोलावून विचारलं, कुणाचा दबाव आहे का. ती 'नाही' म्हणाली आणि बाहेर येऊन हिच्या पाया पडली. दोघी बराच वेळ रडत होत्या.

काळा कोट:
काकांनी सांगितला तो मार्ग म्हणजे ग्यानसिंग विरुद्ध पंजाब, २०१२. वैयक्तिक, कौटुंबिक किंवा व्यवहाराच्या वादात समेट झाला असेल तर, गुन्हा तडजोडीच्या यादीत नसला तरी, हायकोर्ट रद्द करू शकतं. खून, बलात्कार, दरोडा अशा गुन्ह्यांत समेट चालत नाही.

ताई, तुमच्याकडे हा मार्ग शेवटपर्यंत उघडा आहे. सख्खे चुलते आहेत. आणि हायकोर्टासाठी आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिथे.

कृष्णाकाठ:
कोल्हापूर बेंचसाठी आमच्या मामांनी किती वर्षं मोर्चे काढले! सुरू झालं त्या दिवशी घरात पेढे वाटले होते. कराडहून सकाळी निघून संध्याकाळी परत.

सातबारा:
सगळे फौजदारीत अडकलेत, पण मूळ दुखणं बांध आहे. ताई, मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा नकाशा, आहे का तुमच्याकडे? असेल तर हद्द कायम करून घ्यायचा दावा दिवाणी कोर्टात लावा. नुसते दगड रोवून काही होत नाही, पहाटे कुणीतरी हलवतंच. आमच्याकडे हुकूमनाम्यानंतर पोलीस बंदोबस्तात तारेचं कुंपण झालं, तेव्हा कुठे शांतता आली. तोवर तीन फिर्यादी झाल्या होत्या.

तिखटमीठ:
कुणीच उलट्या केसवर बोलत नाहीये. त्यांनी खोटं नाव घातलं तर आपणही त्यांच्या पोराचं घालायचं. काट्याने काटा.

काळा कोट:
मी बोलतो. नको. वडिलांना खरंच मार लागला असेल, दवाखान्याचा कागद असेल, तर त्यांची फिर्याद जरूर द्या, तो त्यांचा हक्क आहे. पण नसलेल्या माणसाचं नाव घालणं हाच गुन्हा आहे. सरकारी नोकराला खोटी माहिती देणं न्याय संहितेचं कलम २१७, एक वर्षापर्यंत शिक्षा. नुकसान करायच्या हेतूने खोटा फौजदारी आरोप करणं कलम २४८, पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर गुन्ह्याचा खोटा आरोप असेल तर दहा. ज्या कलमांवर उद्या तुम्ही त्यांना जाब विचारणार, त्यातच स्वतः अडकाल.

रानजाई:
आणि त्या पोराची आईही नऊ रात्री जागीच राहील.

तिखटमीठ:
हे असं डोक्यात आलं नव्हतं. शब्द मागे घेतो.

पाटीपुस्तक:
माझा प्रश्न. पोलिसांनी ऐकलंच नाही आणि भावावर दोषारोपपत्र टाकलं, तर पुढे काय?

काळा कोट:
मग खालच्या कोर्टात दोषमुक्तीचा अर्ज, म्हणजे खटला चालवण्याइतका पुरावा नाही, आधीच सोडा असा. मॅजिस्ट्रेटकडे कलम २६२, सत्र न्यायालयात २५०. नव्या कायद्याने साठ दिवसांची मुदत घातलीय. मॅजिस्ट्रेटकडच्या खटल्यात ती कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून धरतात, सत्र खटल्यात प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून. अर्ज फेटाळला तर पुनरीक्षण (वरच्या कोर्टाकडून तो आदेश तपासून घेणं), नाहीतर पुन्हा ५२८.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोषमुक्तीच्या टप्प्यावर न्यायाधीश साधारणपणे फक्त पोलिसांनी दाखल केलेले कागद बघतात. आरोपीने खिशातून काढून दाखवलेला कागद तिथे चालत नाही, तो खटल्यात बचावाच्या वेळी. म्हणून भावाच्या कंपनीतल्या हजेरीचा उतारा आजच तपासाच्या कागदांत गेला पाहिजे. तो तिथे असेल तर दोषमुक्तीत उपयोगी, हायकोर्टात उपयोगी, आणि नशीब असेल तर दोषारोपपत्रातूनच नाव जाईल. संगणकातला उतारा किंवा सीसीटीव्ही असेल तर सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, कंपनीकडून तेही घ्या.

सरळरेघ:
सगळं संपल्यावर भरपाई मिळते का? मी गुन्हा रद्द झाल्यावर दमून सोडून दिलं.

काळा कोट:
मार्ग आहेत, पण तोकडे. विनाकारण अटक करवली म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ खाली मिळणारी भरपाई फार तर एक हजार रुपये, ही रक्कम वाढवायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. खोट्या खटल्याबद्दल नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावता येतो, मुदत खटला संपल्यापासून एक वर्ष. तुमची मुदत बघून घ्या. २१७ ची कारवाई मात्र तुम्ही थेट करू शकत नाही, ज्या अधिकाऱ्याला खोटी माहिती दिली त्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते.

बांधावरची बाभूळ:
मंडळी, अठरा दिवसांनी परत येतेय. धीर देणाऱ्या प्रत्येकाचे आभार.

कराडच्या सत्र न्यायालयातून भावाला अटकेपासून अंतरिम संरक्षण मिळालं. रात्रपाळीदादा, तुमचा निरोप वाचून भावाने त्याच संध्याकाळी कंपनीत अर्ज दिला. आतलं चित्रण पुसलं गेलं होतं, पण गेटवरच्या कॅमेऱ्याचं शिल्लक होतं. शिवाय सुरक्षारक्षकाचं हाताने भरायचं रजिस्टर. त्या पानाची प्रत माझ्यासमोर आहे: आत ५ वाजून ५२ मिनिटं, बाहेर २ वाजून ४०, आणि पुढे भावाची ती वाकडी सही, शेवटचं अक्षर रेघेखाली उतरलेली. फिर्यादीत घटनेची वेळ सकाळी साडेनऊ आहे. चाकण ते आमचं शेत, किती अंतर ते तुम्हीच बघा.

अर्ज दोन प्रतींत दिला, शिक्का घेतला, अधीक्षक कार्यालयात प्रत टाकली. परवा तपासी अंमलदार स्वतः कंपनीत जाऊन मनुष्यबळ विभागातल्या बाईंचा जबाब घेऊन आले. वडिलांनी झालं ते झालं तसं सांगितलं. सांगून आल्यावर ओसरीत बराच वेळ गप्प बसले होते.

एक विचारायचंय. दोषारोपपत्रातून नाव वगळलं तर भाऊ कायमचा सुटला ना?

काळा कोट:
फार चांगलं काम केलंत ताई. पूर्ण सुटला असं म्हणता येणार नाही. खटल्यात साक्षीपुराव्यातून भक्कम काही आलं तर न्यायालय कलम ३५८ खाली वगळलेल्या माणसाला पुन्हा बोलावू शकतं. म्हणून रजिस्टरची प्रत, प्रमाणपत्र आणि शिक्क्याचा अर्ज वडिलांचा खटला संपेपर्यंत जपा. आणि नाव वगळलं नाहीच, तर हेच कागद घेऊन कोल्हापूर. आता तुमच्याकडे न्यायालयापुढे ठेवण्यासारखं काहीतरी आहे.

ठाणे अंमलदार (निवृत्त):
मूळ रजिस्टर जप्त झालं का नुसती प्रत घेतली, ते विचारा. रजिस्टर भरलं की कंपन्या रद्दीत टाकतात. पंचनामा करून मूळ ताब्यात घ्या असा एक अर्ज अजून द्या.

बांधावरची बाभूळ:
नुसती प्रत घेतलीय. उद्या सकाळी ठाणं उघडल्या उघडल्या जाते. दोन प्रती काढून ठेवल्यात.